हसनाबादच्या वाटेवर एका परमवीराची आठवण

सप्टेंबरात जालना जिल्ह्यातल्या हसनाबादकडे निघालो की वाटेच्या दोन्ही बाजूंना कपाशी आणि मका उभा दिसतो. भोकरदन तालुक्यातले हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. दर १७ सप्टेंबरला साऱ्या मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा फडकतो आणि निजामाच्या फौजेने शरणागती पत्करली हे मुलांना सांगितले जाते. ते सांगायलाच हवे. पण त्याच फौजेतल्या एका माणसाची गोष्ट मात्र राहून जाते. त्याचा शहादतीचा दिवस आदल्याच दिवशी, १६ सप्टेंबरला येतो.

अर्देशीर बुर्झोरजी तारापोर हे पारशी. जन्म १९२३ चा, मुंबईचा, शाळा पुण्यात. १९४२ मध्ये ते हैदराबादच्या फौजेत अधिकारी झाले. एकदा सरावात एका जवानाच्या हातून हातबॉम्ब जवळच पडला. तारापोर यांनी तो उचलून फेकला. त्याचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले, पण सोबतचे वाचले. फौजेचे प्रमुख सय्यद अहमद अल इद्रूस यांनी त्यांना बोलावून शाबासकी दिली आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे लान्सर्स पलटणीत घेतले.

सप्टेंबर १९४८ मध्ये अल इद्रूस यांनी जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. संस्थान गेले, फौज मोडली. तारापोर १९५१ मध्ये भारतीय सेनेच्या पूना हॉर्स रेजिमेंटमध्ये आले. १९६५ च्या युद्धात ते तिचे प्रमुख होते आणि भारताचे लष्करप्रमुख होते तेच चौधरी. सतरा वर्षांपूर्वीच्या हरलेल्या फौजेतल्या माणसावर रणगाड्यांची अख्खी रेजिमेंट सोपवली गेली होती.

११ सप्टेंबरला सियालकोट आघाडीवर फिल्लौराच्या लढाईत तारापोर जखमी झाले. मागे जाऊन इलाज करून घ्यायला त्यांनी नकार दिला. १४ तारखेला वझीरवाली घेतले. १६ तारखेला जस्सोरान आणि बुतुर-डोगरांडीच्या लढाईत त्यांच्या रणगाड्यावर मारा झाला आणि ते शहीद झाले. सन्मानपत्रात नोंद आहे की त्यांच्या रेजिमेंटने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे ९ गमावले.

त्या युद्धात परमवीर चक्र दोघांनाच मिळाले, दोघांनाही मरणोत्तर. दुसरे होते गाझीपूरचे अब्दुल हमीद, जे १० सप्टेंबरला खेमकरण आघाडीवर पाकिस्तानी रणगाड्यांशी लढताना शहीद झाले.

हैदराबाद संस्थानाचे नाव निघाले की मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत आजही थोडे अवघडल्यासारखे होते. राज्यकर्त्यांच्या चुकांचा हिशेब इतिहास ठेवीलच. पण त्या राज्यात राहिलेल्या प्रत्येक माणसाची वफादारी त्या राज्याबरोबर संपली नाही. जबाबदारी ही अमानत असते आणि तारापोर यांनी दोन्ही वर्द्यांत ती राखली. १७ तारखेचा झेंडा पाहून मुले घरी आली की त्यांना १६ तारीखही सांगावी.