नाण्याशिवाय खेळ

कामगाराच्या घरात वस्तू सहसा टाकून देत नाहीत. फाटक्या लुगड्याची गोधडी होते, तेलाचा रिकामा डबा धान्याला लागतो. संगणक मात्र जुना झाला की त्याचे काय करावे हे कुणाला सुचत नाही. आमच्या घाटकोपर पूर्वेच्या 225 चौरस फुटांच्या खोलीत असाच एक संगणक पलंगाखाली पडून होता. 2006 साली पतपेढीचे कर्ज काढून तो घेतला होता. त्यावर धाकटी बहीण टॅली शिकली, मंडळाची पत्रके निघाली, गल्लीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज टाइप झाले. त्यातील विंडोज एक्सपीला 8 एप्रिल 2014 पासून कंपनीने सुरक्षेची दुरुस्ती देणे थांबवले आणि त्याचे काम संपले. भंगारवाला दोनशेच्या वर जाईना.

तो पुन्हा बाहेर निघाला तो एका दुःखद प्रकारामुळे. गल्लीतल्या एका वहिनींच्या मुलाने मोबाइलवरच्या खेळात वडिलांच्या खात्यातले चार हजार रुपये घालवले. क्लासच्या हप्त्याचे पैसे होते ते. खेळातली हत्यारे आणि पोशाख विकत घेण्यात एकेक करून गेले. 2025 साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली ते चांगलेच झाले. परंतु असल्या हत्यार-पोशाखांच्या खरेदीला ती बंदी लागू नाही. वडिलांनी मुलाला बदडले, मोबाइल काढून घेतला. मुलगा चार दिवस जेवला नाही, कुणाशी बोलला नाही. वहिनी रडत आमच्याकडे आल्या. तेव्हा घरात बसून विचार केला की, मुलांना खेळू नका म्हणून भागणार नाही. पैसे न मागणारा खेळ त्यांच्यापुढे ठेवला पाहिजे.

आज चाळिशीत असलेल्यांना व्हिडिओ पार्लर आठवत असेल. अंधारी खोली, लाकडी पेट्यांची रांग, पेटीत काचेमागे पडदा, खाली दांडी आणि बटणे. रुपयाचे नाणे टाकायचे आणि खेळायचे. 1978 चा जपानी 'स्पेस इन्व्हेडर्स', 1980 चा 'पॅकमॅन', 1991 चा 'स्ट्रीट फायटर टू' ही त्यांतली मोठी नावे. 1993 च्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'चे नाव आपल्याकडे कुणी घेतले नाही. त्यातल्या एका गड्यावरून सगळे त्याला 'मुस्तफा'च म्हणत. पार्लरमध्ये मुली मात्र नसत. दारातून आत डोकावणाऱ्या मुलीलाही घरी बोलणी बसत.

या पेट्यांची रचना धंद्याची होती. एका नाण्यात पोर फार वेळ उभे राहिले तर मालकाचे नुकसान. म्हणून खेळ लवकर अवघड होत जाई आणि पडद्यावर आकडे उलटे मोजत दुसरे नाणे मागितले जाई. पॅकमॅनच्या आतल्या पाटीवर बारीक खटके असत. त्यांवर नाण्याचा भाव ठरे, आणि खेळणाऱ्याला जीव किती द्यायचे, 1, 2, 3 की 5, हेही ठरे. त्याच खटक्यांत 'फुकट खेळ' अशीही सोय होती. म्हणजे खेळ तोच, लोभ तेवढा वेगळा काढता येतो. आम्हांला नेमके हेच हवे होते.

आता कामाचे सांगतो. जुना संगणक उघडून आधी ब्रशने धूळ काढली. घड्याळ चालवणारी 3 व्होल्टची गोल बॅटरी बदलली. ती संपली की संगणक तारीख विसरतो. एक्सपी काढून फुकट मिळणारी हलकी लिनक्स घातली. त्यावर 'मेम' नावाची प्रणाली बसवली. निकोला साल्मोरिया या इटालियन तरुणाने ती 1997 साली सुरू केली. जुन्या पेट्यांतल्या पाट्या जे काम करीत, त्याची हुबेहूब नक्कल ती संगणकावर करते. तिच्या नव्या आवृत्त्यांना ताकदीचे यंत्र लागते. म्हणून जुन्या संगणकाला जुनी आवृत्तीच बरी.

दांडी, बटणे आणि यूएसबीची छोटी पाटी लॅमिंग्टन रोडवरून आणली. दांडीच्या तळाशी चार बारीक खटके असतात. दांडी ज्या बाजूला झुकते तो खटका दाबला जातो. प्रत्येकाच्या दोन तारा पाटीला जोडायच्या, म्हणजे संगणक दांडीला ओळखतो. सुतारकाम करणाऱ्या शेजाऱ्यांनी उरलेल्या प्लायवूडची टेबलावर मावेल अशी पेटी करून दिली. जुना ट्यूबचा मॉनिटर मात्र न उघडता तसाच मागे ठेवला. हे लक्षात ठेवा: ट्यूबच्या मॉनिटरमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. त्याचे झाकण कुणी उघडू नये. दांड्या, बटणे, पाटी, तारा, बॅटरी आणि रंग मिळून एकोणीसशे चाळीस रुपये झाले. वहीत एकेक पैसा लिहिलेला आहे.

जोडणीच्या कामाला मुद्दाम त्याच मुलाला बसवले. पहिल्या दिवशी तो गप्प होता. दुसऱ्या दिवशी त्याने एक तार उलटी लागली आहे हे दाखवून दिले. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील कामावरून येऊन दारात उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले. मग खाली बसून त्यांनी तारेचे टोक धरले. बापलेक एकमेकांशी बोलले ते "लाल तार दे" एवढेच, पण बोलले.

मग प्रश्न आला खेळांचा. आमच्या वयाच्या सगळ्यांना मुस्तफा हवा होता. परंतु असल्या खेळांवर कंपन्यांचा हक्क असतो, आणि 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या प्रणालीही येतात. मुलाला चार हजारांचा जाब विचारायचा आणि स्वतः चोरीचा खेळ पेटीत भरायचा, हे आमच्या गळी उतरेना. थोडी कुरकुर झाली. शेवटी 1981 चा 'रॉबी रोटो' घेतला. 'मेम'च्या मंडळींना तो घरगुती वापरासाठी फुकट वाटण्याची परवानगी हक्कदारांनीच दिलेली आहे. जोडीला रंगीत फुगे फोडण्याचा 'फ्रोझन बबल' हा खुला खेळ घेतला. तो दोघांना समोरासमोर खेळता येतो. पॅकमॅनच्या खटक्यांची गोष्ट मुलांना फक्त सांगितली.

नियम मुलांनीच ठरवले. संध्याकाळी सात ते साडेआठ. वहीत नाव लिहायचे, एका खेपेला दहा मिनिटे. एक मुलगा, मग एक मुलगी. या शेवटच्या नियमावर मुले कुरकुरली, पण वहिनींच्या नववीतल्या मुलीने फुग्यांच्या खेळात सलग सहा जणांना हरवल्यावर कुणी बोलेना. परीक्षेच्या महिन्यात पेटीवर चादर पडते. संगणकाला इंटरनेट जोडलेले नाही. कुणाचे खाते नाही, कुणाला पैसे मागणारे बटण नाही.

आपल्या वस्तीतही कुणाच्या पलंगाखाली असा संगणक असेलच. सगळ्यांनी पेटीच करावी असे नाही. टंकलेखनाच्या सरावाला, मुलांच्या चित्रकलेलाही तो चालेल. त्या मुलाने हल्ली गल्लीतल्या दोन घरचे बंद पडलेले संगणक दुरुस्तीला घेतले आहेत. एक सुरू झाला आहे. दुसऱ्याच्या पॉवर सप्लायसाठी तो आणि त्याचे वडील येत्या रविवारी लॅमिंग्टन रोडला जाणार आहेत.