गोधडीचा गोठ

गोधडीला गोठ किती रुंद लावावा, हा प्रश्न सरकारी टिपणीच्या योग्यतेचा खचित नव्हे; पण गेल्या थंडीत त्याने आमच्या दोन रात्री घेतल्या. आईच्या मागे आमच्या वाट्याची गोधडी सांगलीहून दिल्लीस आली, ती धावदोरे पुरे झालेली पण कडा उघड्याच. सोबत गोठासाठी तिनेच काढून ठेवलेले इरकली लुगडे.

कोपऱ्यावरच्या रजाईवाल्याने कड चाचपून ‘मगजी’ रुंद ठेवा म्हणून सांगितले. इकडे गोठाला मगजी म्हणतात. त्याचे खरे होते. गोधडी आधी विरते ती कडेलाच. त्यातही हनुवटीशी ओढली जाते ती कड. दोन्ही अंगांना इंचभर गोठ दिसायचा, तर मुडपण्यासह पट्टी ४ इंच हवी, आणि लुगड्याचा काठ नेमका ४ इंच! गोधडी ६० इंच बाय ९०, म्हणजे घेर ३०० इंच. ९ वारांचे इंच ३२४. एकही जोड न देता काम होत होते. हिशेब असा जुळला की कारकुनास आनंद होतोच.

पण दुसरा काठ जमिनीला घासून पार विरलेला, आणि अक्काकडे गेलेली गोधडीही बिनगोठाचीच. तिने मागितले काहीच नव्हते.

अखेर सौभाग्यवतींनी कात्री पुढे केली. काठ मधोमध उभा आम्हीच कापला. २ इंचांच्या पट्टीत गोधडीची जाडी वजा जाता अर्धा इंचही गोठ दिसत नाही. किनारीकडची पट्टी, जिची एक कड मुडपावी लागत नाही, ती अक्काला पाठविली. आमचा गोठ हनुवटीशी आताच विरू लागला आहे.