माझ्या दिवसाचा दर

आमच्या झाशीत काहीही महाग विकायचं असलं की दुकानदार एकच म्हण पुढे करतो : 'महँगा रोये एक बार, सस्ता रोये बार बार.' कुकर असो, सोफा असो, आता लॅपटॉप असो. ही म्हण मराठीत आणायला मी बरेचदा झटले आहे. 'रडणं' ठेवलं तर ते बाळबोध वाटतं, आणि यमक सोडलं तर दुकानदाराचा आवाजच जातो. पण माझा खरा आक्षेप भाषेचा नाही, हिशेबाचा आहे. कोण किती वेळा रडलं ते म्हणीनं मोजलं आहे. रडणाऱ्याची मिळकत किती, याचा तिला पत्ता नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबवली. माझा लॅपटॉप इंटेलच्या सातव्या पिढीचा. विंडोज ११ ला किमान आठवी लागते. यंत्र चालू होतं, पण त्यावर बँकेचं काम करायची हिंमत होईना. गाठीला एक लाख पंधरा हजार रुपये होते. दोन पुस्तकांचे थोडे, आणि बरेचसे कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांचे, कारण पुस्तकांच्या अनुवादावर कुणाची गाठ इतकी भरत नाही. त्याच सुमारास मुलगी ॲनिमेशन शिकायला निघाली होती. तेव्हा प्रश्न असा : मला दहा वर्षांचं समाधान देणारा एक भारी लॅपटॉप, की दोघींना एकेक?

गणेशोत्सवात महाराष्ट्र गणेश मंदिरात (१८४२ साली लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं तेच) गावातली मराठी घरं भेटतात, तिथेच याची चर्चा सुरू झाली होती. प्रत्येकाचं मत पक्कं होतं. मोबाइलमध्ये फोटो बघणारे काका सर्वांत ठामपणे सांगत होते, की चांगलं घे, एकदाच घे.

मी वही काढली. २०१४ च्या अखेरीपासून अकरा वर्षांत मी दोन लॅपटॉप वापरले : एक ३३ हजारांचा, दुसरा ४३ हजारांचा. बिजागऱ्या, कीबोर्ड, दोन बॅटऱ्या, एक चार्जर असा दुरुस्तीचा खर्च २३ हजार. एकूण ९९ हजार, म्हणजे वर्षाला ९ हजार. महाग लॅपटॉप १ लाख १५ हजारांचा, मध्ये एकदा बॅटरी बदलायला १२ हजार. आठ वर्षं टिकला असं धरलं तर वर्षाला १५,८७५. पाच वर्षांनी तीस हजारांना विकला तर १७ हजार. नुसत्या पैशाच्या हिशेबात तो जवळही येत नाही.

पण यंत्र बंद पडलं की मीही बंद पडते, ते यात आलेलं नाही. जुन्या वह्यांत पाहिलं : अकरा वर्षांत दुरुस्तीपायी गेलेले दिवस ३३, म्हणजे वर्षाला तीन. मी मन लावून दिवसाला बाराशे शब्द करते, सव्वा रुपया शब्दानं १५०० रुपये. वर्षाला साडेचार हजारांचं नुकसान. स्वस्त लॅपटॉपचा खरा वार्षिक खर्च झाला साडेतेरा हजार. महागडा आठ वर्षांत एकही दिवस आजारी पडणार नाही असं उदारपणे मानलं, तरी तोच महाग. दोघांची तोंडमिळवणी व्हायला माझ्या दिवसाचा दर सुमारे २३०० रुपये असायला हवा.

हा आकडा वहीत उतरल्यावर मी थोडा वेळ काहीच लिहिलं नाही. 'चांगलं यंत्र दीर्घकाळात पैसे वाचवतं' हे खोटं नाही; ज्याचा दिवस महाग आहे त्याच्यासाठी ते खरं आहे. पुण्या-बंगळुरात माझ्याच वयाचा, माझ्याइतकाच शिकलेला माणूस, ज्याची कंपनी तासाला पैसे लावते, त्यानं डोळे झाकून महाग घ्यावा. मी तुलनात्मक साहित्यात एम.ए. केलं, वीस वर्षं दोन भाषांत ये-जा करते आहे, आणि माझा दिवस इतका स्वस्त आहे की त्याचं रक्षण करणारं यंत्र त्याला परवडत नाही. एका कामाची मुदत लॅपटॉपपायी टळली आणि पुढच्या खेपेला ते दुसरीकडे गेलं, ते मी या ३३ दिवसांत धरलेलं नाही. ते धरायचं कसं?

शिवाय झाशी. मे २०२४ मध्ये इथला पारा ४९ अंशांच्या आसपास गेला होता. ॲपलच्या माहितीपत्रकात मॅकबुक वापरण्याचं तापमान १० ते ३५ अंश दिलेलं आहे; आमच्याकडे उन्हाळ्यात रात्रीसुद्धा ही मर्यादा कधीकधी डोळे वटारते. लिथियमची बॅटरी उष्णतेनं लवकर म्हातारी होते, महाग असो की स्वस्त. बुंदेलखंडी ग्रॅनाइटची खडी फोडणारी क्रशरं गावाबाहेर आहेत, ती धूळ पंख्यात जाऊन बसते. इथे मॅकबुक एअरच्या बाजूनं एक बोललं पाहिजे : २०२० च्या एम-१ पासून त्यात पंखाच नाही, म्हणजे धूळ ओढणारंही कुणी नाही. पण त्याची रॅम चिपच्याच सोबत कायमची बसवलेली. आठ जीबी घेतली तर आठच. विक्री थांबून पाच वर्षं झाली की ॲपल आपल्या यंत्राला 'व्हिंटेज' म्हणते, सात झाली की 'ऑब्सोलिट'. दारूचा शब्द आधी आणि भंगाराचा नंतर, हा क्रम मला आवडला.

अण्णा, माझे सासरे, इथल्या रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात होते. ठरावीक मुदतीनं वॅगन येणार, खोलणार, झिजलेलं काढून नवं घालणार, की पुन्हा रुळावर. माझी वही त्यांनी चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "हे सगळं ठीक आहे गं, पण खोलता येतं का ते? आणि खोलणारा इथे आहे का?" हा रकाना माझ्या वहीत नव्हता.

खोलणारा होता, सीपरी बाजारात. २०१३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारनं बारावी झालेल्या मुलांना लॅपटॉप वाटले, त्यांवरच हात बसवलेला हा मुलगा आता पस्तिशीचा झाला आहे. पातळ, चकचकीत, चिकटवलेल्या यंत्रांना तो हात लावत नाही. "दीदी, ये ग्वालियर-दिल्ली जाएगा," म्हणतो. त्यानंच मला तिसरी वाट दाखवली : मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा काढून टाकतात ते ऑफिसातले लॅपटॉप. थिंकपॅडसारखे. नवे असताना तेही लाखाच्या घरातलेच. किंमत सर्वांत जोरात पडते ती पहिल्या तीन वर्षांत, आणि ती पडझड दुसऱ्याच्या ताळेबंदात गेलेली असते. लेनोवो त्यांची दुरुस्ती-पुस्तिका सर्वांसाठी खुली ठेवते. कुठला स्क्रू आधी, कुठला मग. इतकं नितळ गद्य मला अनुवादाला क्वचितच मिळतं.

दुकानदार त्यांना 'रिफर्बिश' म्हणतो. मराठीत 'नूतनीकृत' म्हणावं तर तोंडात खडा आल्यासारखं होतं. माझ्या मनात येतो तो 'जीर्णोद्धार'. आपण तो देवळासाठी राखून ठेवला आहे, पण इथे तो चपखल बसतो.

दिल्लीला नेहरू प्लेसमध्ये एक आठव्या पिढीचा, ३६ हजारांना मिळाला. रेल्वेनं गेले, त्याच दिवशी परत आले. घेताना तीन गोष्टी पाहिल्या : विंडोज ११ अधिकृतपणे चालतं का, बॅटरीची मूळ क्षमता किती उरली आहे, आणि बिजागरी. सीपरी बाजारात दोन हजारांत एसएसडी बदलून घेतली. सहा हजारांची बॅटरी पुढे लागेल असं धरून, पाच वर्षांत तो मला वर्षाला ८,८०० ला पडेल. कीबोर्ड आधीच्या दोन्हींपेक्षा चांगला आहे, आणि देवनागरी टंकायला मला त्याहून जास्त काही लागत नाही. एका बाजूला शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा मोल्सवर्थ, दुसऱ्या बाजूला मजकूर. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची, तिला अजून कुणी ऑब्सोलिट म्हटलेलं नाही.

उरलेले ७७ हजार मुलीचे. तिला पातळ, रुपेरी, भारी तोच हवा आहे, आणि वर लागणारे पैसे ती फावल्या वेळात लग्नाचे व्हिडिओ कापून जमवते आहे. मी माझी वही तिच्यापुढे ठेवली आणि तिच्या दिवसाचा दर विचारला. गेल्या महिन्यात एका रात्रीत तिनं अडीच हजार मिळवले होते. माझ्याच हिशेबानं तिचं बरोबर ठरलं.