अण्णांचे इच्छापत्र

आजोबा चालताना झोकांड्या खात, म्हणून गावाने त्यांना दारुडा ठरवले. त्यांनी उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. पुढे अण्णांच्या हातातली चहाची बशी हिंदकळू लागली, तेव्हा कुठे रोगाचे नाव कळले: हंटिंग्टन. त्याचे जनुक १९९३ साली सापडले. हातापायांची वेडीवाकडी हालचाल कमी करणारी औषधे आहेत, रोग बरा करणारे नाही. आईबापांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. छापा की काटा! रक्त तपासले की कळते. ताई नकोच म्हणते. मी दोनदा दवाखान्याच्या पायरीवरून परतलो.

गेल्या दिवाळीत अण्णांनी कागद पुढे केला. असे इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केले, २०२३ साली त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो. "बरे होण्याची आशा उरली नाही, तर नळीने जगवू नका," एवढेच अण्णांना लिहायचे होते.

आई ताडकन उठली. "घरच्या माणसाला उपाशी मारायचं?"

"उपाशी कसला? घास उतरतोय तोवर तुझ्याच हातचं खाईन की!"

ती स्वयंपाकघरात निघून गेली. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत होता.

आपल्या वतीने निर्णय घेणारे म्हणून अण्णांनी माझे आणि ताईचे नाव घातले होते. आम्ही दोघे गप्प. तेवढ्यात आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"या दोघांचं कुणी सांगावं? माझं नाव पहिलं लिहा."