वॉलवर्थचे बालवीर

बालवीरांविषयी शाळांच्या वार्षिक अंकांतून जे लिहून येते त्यात निशाण, शिटी आणि शेकोटी यांचेच वर्णन पुष्कळ असते. शिबिराच्या संमतीपत्रावर सही करताना पालकांचा हात क्षणभर का अडखळतो, याचा विचार त्यात क्वचितच आढळतो. आम्ही बरीच वर्षे मुलांस शिबिरास नेत आलो आहो. आणि ती पत्रे गोळा करताना दर वर्षी आम्हांस लंडन येथील एका पथकाची आठवण होते.

टेम्स नदीच्या दक्षिणेस असलेला वॉलवर्थ हा भाग त्या काळी दाट वस्तीचा व गोरगरिबांचा होता. तेथील डलिच मिशनच्या आश्रयाने ‘दुसरे वॉलवर्थ’ हे बालवीर पथक चाले. ख्रिस्तमंदिरांनी मुलांची पथके काढावी ही चाल त्या देशात जुनीच. १८८३ साली ग्लासगो येथे विल्यम स्मिथ या शब्बाथशाळेच्या शिक्षकाने दंगेखोर मुलांस कवाईत शिकवून बॉईज ब्रिगेड स्थापिली. बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टात ब्राउनसी बेटावर जे पहिले शिबिर भरविले, त्यातील कित्येक मुले याच ब्रिगेडची होती. पुढच्या वर्षी त्यांचे पुस्तक निघाले व गावोगाव पथके उभी राहिली.

१९१२ च्या ऑगस्टातील सुटीत वॉलवर्थचे पथक शिडाच्या होडीतून टेम्सच्या मुखाकडे, शेपी बेटावरील लेसडाउन येथे शिबिरास निघाले. गल्लीबोळांत वाढलेल्या त्या मुलांस त्या प्रवासाचे केवढे अप्रूप वाटले असेल! ४ ऑगस्ट रोजी लेसडाउनच्या किनाऱ्याजवळ अकस्मात वादळी झोत आला व होडी उलटली. किनाऱ्यावरील पहारेकरी धावून आले. त्यांनी अनेकांस वाचविले. तरी नऊ मुले बुडाली. आठ पथकातील, नववा ‘आरेथ्यूसा’ या शिक्षणनौकेवरील. त्यांची वये ११ ते १४ वर्षांची होती.

त्यांचे स्काऊटमास्तर वाचले. या गृहस्थांविषयी काही लिहावयास आमची लेखणी धजत नाही. ज्यांच्या स्वाधीन दुसऱ्यांची मुले असतात त्यांस हे अधिक सांगावयास नको.

त्या वेळी आरमारखात्याचे मंत्री विन्स्टन चर्चिल होते. त्यांनी मुलांचे देह लंडनास आणण्याकरिता ‘फर्व्हंट’ ही युद्धनौका पाठविली. वॉलवर्थच्या सेंट जॉन मंदिरात शवपेट्या ठेवण्यात आल्या, आणि अंत्ययात्रेस रस्त्यांत लोकांची अपार गर्दी लोटली. नन्हेड येथील दफनभूमीत त्यांचे दफन झाले. तेथील स्मारकाची योजना गाइल्स गिल्बर्ट स्कॉट या शिल्पज्ञांनी केली. (लंडनचे प्रसिद्ध तांबडे टेलिफोनघर पुढे यांच्याच कल्पनेतून उतरले.) स्मारकावर ब्राँझचा एक बालवीर मान खाली घालून उभा होता. १९६९ साली तो चोरीस गेला! १९९२ साली तेथे नवे स्मारक झाले.

असे ऐकल्यावर मुलांस पाण्याजवळ नेऊच नये असे कित्येक पालक म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. ज्यास पाण्याची ओळखच करून दिली नाही त्यास पाणी काही ओळख दाखवीत नाही. ब्रिटनमध्ये आज होडीत बसण्यापूर्वी बालवीराने ५० मीटर पोहून व ५ मिनिटे तरंगून दाखवावे असा सामान्य नियम आहे, आणि तो आम्हांस योग्य वाटतो. तथापि कोणास पोहता येते हे नुसते मुलांस विचारून कळत नाही. वर्गबंधूंच्या देखत ‘येत नाही’ म्हणणारा मुलगा आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

गेल्या शिबिराच्या वेळी एका बाईंनी संमतीपत्राच्या पाठीमागे दोन ओळी लिहून पाठविल्या: “सर, त्याला पोहता येत नाही. तो तुम्हांला सांगणार नाही.” आम्ही त्या मुलास याविषयी एक शब्दही बोललो नाही. तळ्यावर गेल्यावर पाण्यात उतरणाऱ्या व बाहेर येणाऱ्या मुलांची मोजदाद ठेवण्यास त्यास वही देऊन काठावर उभे केले. चार दिवसांत त्याची गणती एकदाही चुकली नाही.