पहिले देख, मंग काढ

खानदेशात डॉक्टर, इंजिनिअर ठरवून होतात. आर्किटेक्ट बहुतेक आडवाटेने होतात. कुणाला इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड मिळाली आणि चित्रकलेच्या सरांनी घरी येऊन वडिलांना सांगितलं. कुणी आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झाला. कुणी गवंडी बापाच्या हाताखाली वाळू चाळत वाढला. बी.आर्क. पाच वर्षांचं असतं, त्यासाठी ‘नाटा’सारखी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, हे कित्येकांना बारावी संपता संपता कळतं. मग पिशवी उचलून नाशिक, पुणे, नाहीतर मुंबई.

या आडवाटांबद्दल मला आदर आहे. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८९६ साली आधी ड्राफ्ट्समनचे वर्ग सुरू झाले. वास्तुकलेचा पूर्ण अभ्यासक्रम जॉन बेग यांनी आखला तो त्यानंतर. म्हणजे आपल्याकडचं हे शिक्षण ड्राफ्ट्समनच्या बाकावरूनच उठून उभं राहिलं. २०१८ साली प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे बाळकृष्ण दोशी पुण्यात फर्निचरचा धंदा करणाऱ्या घरात वाढले. आधी हात कामाला लागला, शिक्षण मागाहून आलं.

मी बारावीनंतरच्या सुट्टीत धुळ्यातल्या एका ऑफिसात ट्रेसिंगला बसलो. टी-स्क्वेअर, रोटरिंगचं पेन आणि चुकलेली रेघ खरवडायला अर्धं ब्लेड. घामाने ट्रेसिंग पेपर फुगतो, म्हणून मनगटाखाली रुमाल. दिवसभर नऊ इंची भिंतीच्या दोन-दोन रेघा ओढायच्या. त्या ओढताना मन सारखं साक्रीकडच्या आमच्या गावी जायचं.

तिथे आजीचं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर होतं. मातीच्या भिंती चांगल्या हातभर रुंद. वर सागाच्या कड्या, त्यांवर काटक्या आणि पाला, मग मातीचा जाड थर आणि सगळ्यांत वर खारी माती. पाऊस लागायच्या आधी आजोबा खारीचा नवा थर पसरून घ्यायचे. ती भिजली की घट्ट बसते, पाणी खाली उतरू देत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असायचा, आणि आत भर दुपारी गाढ झोप लागायची. जाड माती दिवसभराचं ऊन अंगात मुरवून घेते. त्याची धग आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर माणसं अंथरुणं घेऊन धाब्यावर गेलेली असतात. घर आणि माणसांचा दिवस एकमेकांना धरून चालत होते. शहरातल्या आमच्या स्लॅबच्या घरात रात्री अकरालाही छत भाजायचं. हे असं का, एवढ्या एका प्रश्नाने मला या धंद्यात आणलं.

नाना मिस्तरींनी दुसरी गोष्ट दिली. आमच्या गल्लीत त्यांचं एक बांधकाम चालू होतं. ओळंबा लोंबायचा थांबेपर्यंत ते डोळा हलवत नसत. मी वही काढली की म्हणायचे, “पहिले देख, मंग काढ.”

आणि अजिंठा. जळगावहून साठेक किलोमीटर, त्यामुळे आमच्याकडे शाळेची सहल तिथेच. सगळे चित्रांपुढे गर्दी करतात. मी चोवीस नंबरच्या लेण्यात रेंगाळलो. ते अर्धवट राहिलेलं विहार आहे. पुरं झालं असतं तर तिथल्या मोठ्या विहारांत गणलं गेलं असतं. खांब दगडातून पुरते सुटलेले नाहीत, छिन्नीचे घाव तसेच आहेत. कारागीर वरून खाली कोरत आले, म्हणजे छत आधी आणि जमीन शेवटी, हे तिथे उघड दिसतं. पुऱ्या झालेल्या लेण्यात कारागिराचा विचार झाकला जातो. इथे तो उघडा आहे. वास्तुकला शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे लेणं आधी पाहावं असं मला मनापासून वाटतं.

कॉलेजात पहिल्या वर्षी आम्ही काचेच्या भिंती काढल्या. खानदेशातल्या पोराला त्या काचेआड बसवून पाहा, असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. माधव आचवलांचं ‘किमया’ हे पुस्तक हाती आलं आणि वास्तूबद्दल मराठीतून इतकं सूक्ष्म बोलता येतं हे पाहून धीर आला. जळगावात महापालिकेची सतरा मजली इमारत लांबून दिसते, आणि आजही पोरांना आर्किटेक्टचं काम म्हणजे तेच वाटतं. उंचीचं आकर्षण मी समजू शकतो. पण आमच्या भागातला खरा कठीण प्रश्न मेमधली दुपारी तीनची वेळ हाच आहे.

म्हणून माझ्या ऑफिसात शिकायला येणाऱ्यांना सुरुवातीला कॉम्प्युटर मिळत नाही. टेप, वही आणि थर्मामीटर घेऊन आपल्या घराण्यातलं एखादं जुनं घर मोजून आणायचं. मागच्या उन्हाळ्यात पारोळ्याकडची एक मुलगी काकांचं घर मोजायला गेली. काका ते पाडून स्लॅब टाकणार होते. तिने दुपारी आतलं आणि ओट्यावरचं तापमान लिहून त्यांच्यापुढे ठेवलं, आणि भिंती राखून फक्त छत बदलायचा नकाशा काढला. काकांनी अजून होकार दिलेला नाही. कड्या किती कुजल्यात ते पाहायला मात्र त्यांनी सुताराला बोलावलं आहे.