गाणं कुणाचं, चेहरा कुणाचा?



मागच्या भीमजयंतीला आम्ही पोरांनी एक व्हिडिओ केला. गाणं वस्तीतल्याच एका म्हाताऱ्या शाहिराचं. ड्रोन भाड्याने आणला, निळ्या धुराच्या नळकांड्या फोडल्या, ओठ हलवायला कॉलेजातला देखणा पोरगा उभा केला. आवाज स्टुडिओतल्या गायकाचा. लाईक भरपूर आले. मग मी मोबाईल घेऊन शाहीरबाबांकडे गेलो. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं आणि एवढंच विचारलं, "बाळा, शेवटचं कडवं कुठं गेलं?"

गाणं लांबतंय म्हणून आम्ही ते कापलं होतं. त्यांचं नाव त्याच कडव्यात होतं.

ज्यांनी गायन पार्ट्या ऐकल्यात त्यांना हे लगेच कळेल. आपल्या कवींनी आपलं नाव गाण्यातच ओवलं. वामनदादा कर्डकांचं 'वामन' हे नाव शेवटच्या ओळींत येतं, ते हौस म्हणून नव्हे. छापखाना आपला नव्हता, रेडिओ आपला नव्हता. गाणं गावोगाव तोंडातोंडी जाणार, तर नाव गाण्याच्या पोटातच हवं! कॅसेट आली तरी ते टिकलं. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवरून माझे वडील कॅसेटी आणायचे. वेष्टनावरचं वाचता न येणारी माझी आजीसुद्धा कडवं ऐकून कवी ओळखायची. पुढे व्हीसीडी आली. तेच निळे झेंडे, तीच चैत्यभूमी, मागे न जुळणारा पडदा. आज त्यावर हसणारे आपल्यातच पुष्कळ आहेत. पण त्या पडद्यावर गाणारा माणूस स्वतः उभा असायचा, घामाघूम, पेटी-ढोलकीवाल्यांसकट. ते व्हिडिओ मला आमच्या ड्रोनवाल्या व्हिडिओपेक्षा प्रामाणिक वाटतात.

पडद्यावर कोण दिसणार, हा प्रश्न म्युझिक व्हिडिओच्या धंद्याला सुरुवातीपासून चिकटलेला आहे. १ ऑगस्ट १९८१ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं. दिवसभर गाण्यांचे व्हिडिओ, पण काळे कलावंत जवळजवळ नाहीतच. रिक जेम्स यांनी उघड तक्रार केली. १९८३मध्ये गोरा गायक डेव्हिड बोवी यांनी मुलाखत घेणाऱ्या एमटीव्हीच्याच निवेदकाला विचारलं, काळे इतके कमी का? उत्तर काय, तर आम्हाला छोट्या गावांतल्या प्रेक्षकांची आवडही बघावी लागते. म्हणजे दोष प्रेक्षकाचा! त्याच वर्षी मायकेल जॅक्सन यांचा 'बिली जीन' लागला आणि प्रेक्षक कुठे पळाले नाहीत. ज्यांच्या ब्लूजमधून रॉक जन्मलं, त्यांनाच रॉकच्या पडद्याबाहेर ठेवलं होतं.

हे तिकडचं म्हणून सोडू नका. मार्च २०२१मध्ये तमिळ 'एंजॉय एंजामी' आलं. ते लिहिणारा आणि धीसोबत गाणारा अरिवू हा दलित रॅपर. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या त्याच्या आजीच्या आठवणी त्या गाण्यात आहेत. व्हिडिओत तो दिसतो, नाचतो. पण त्याच ऑगस्टमध्ये रोलिंग स्टोन इंडियाने मुखपृष्ठावर धी आणि दुसऱ्या एका गायकाला घेतलं, अरिवूला नाही. पा. रंजित यांनी जाहीर आवाज उठवला, तेव्हा मासिकाने अरिवूचं डिजिटल मुखपृष्ठ काढलं.

तेव्हा मीही तावातावाने पोस्ट टाकल्या होत्या. आणि आमच्या शाहिराला मात्र आम्हीच बाहेर ठेवलं. कुठल्या ब्राह्मणी मासिकाने नाही, आम्हीच, दोन मिनिटं वाचवायला.

ही नुसती मानाची गोष्ट नाही, पोटाचीही आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीचा हक्क मानतो. पण नावच नसेल तर हक्क कुणाच्या नावाने मागायचा? डीजेवर वाजणारी किती गाणी कुणाची आहेत, हे आपल्या मंडळांतल्या पोरांना विचारून बघा.

व्हिडिओ आम्ही काढून टाकला. नवीन करतोय, पूर्ण कडव्यांचा. बाबांना म्हटलं, कॅमेऱ्यासमोर तुम्हीच बसा. ते म्हणाले, "बसतो, पण ढोलकीवाला माझा पाहिजे." तो आता नाक्यावर रिक्षा चालवतो. रविवारी मोकळा असतो.